चुलीतला मुटका

चंद्रभागा, तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात ज्वारी निवडत बसले होते. तुझी सून रुख्मा स्वतःच सांगायला आली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "माय गेली वो," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण आमचं मुटक्याचं भांडण अजून मिटायचंय!" रुख्मा माझ्याकडे बघतच राहिली. मग रडता रडता हसली. तुमच्या घरची माणसं अशीच आहेत, हसू आलं तर अडवून धरत नाहीत.

शिरपुरात आपलं हे भांडण ठाऊक नाही असं घर नसेल. तुझ्या हातची चूल म्हणजे धुराड्याची चूल, आणि तुझ्या हातची धुराड्याची चूल म्हणजे आतून, धूर वर जातो त्या घशाशी, मातीचा मुठीएवढा उंचवटा. ओली माती मुठीत दाबून तिथं बसवायचीस म्हणून तो मुटका. तू म्हणायचीस, मुटक्याशिवाय धूर वर ओढला जात नाही. मी म्हणायचे, मुटका नसला तरी जातो. चाळीसपेक्षा जास्त वर्षं आपण या एका गोष्टीवर वाद घातला. लोकांना वाटायचं, दोघी म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही. मी इतक्या खात्रीनं का बोलायचे, ते मात्र तुला कधीच सांगितलं नाही. आज तेच सांगायला बसले आहे. उशीर झाला, मान्य. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनीची गाडी नेहमीच लेट असते."

आपली पहिली भेट आठवते का? दुष्काळ सरून एक पावसाळा झाला होता, म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचं साल असेल. मी औरंगाबादकडून लग्न होऊन आलेली, सातवी पास, घरात सगळ्यांत जास्त शिकलेली, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. तू सारवायला आली होतीस. काम संपल्यावर कमरेला खोचलेला पदर सोडत म्हणालीस, "वहिनी, जातो मी." मला हसू फुटलं. मी म्हटलं, "अगं, बाईमाणसानं 'जाते' म्हणावं." तू दोन्ही हात कमरेवर ठेवलेस. "तुमी जाते म्हना, मी जातो म्हनतो. घरी पोचल्याशी मतलब." त्या दिवसापासून माझं शहाणपण तू जपून जपून वापरायला लागलीस, मिठासारखं.

आमचं स्वयंपाकघर दुकानाच्या मागं होतं, टिनाचं, बुटकं. धूर जायला मागच्या भिंतीत एक गवाक्ष होतं. शेजारच्यांनी त्याला चिकटूनच गोदामाची भिंत उभी केली आणि गवाक्ष आंधळं झालं. मग धुरानं दुसरी वाट धरली, ती थेट दुकानाची. गिऱ्हाईक हळद-जिरं मागायला यायचं आणि खोकत खोकत काहीतरी तिसरंच घेऊन जायचं. आमचे हे गल्ल्यावर बसून रुमालानं नाक दाबत "काय देऊ?" विचारायचे. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण घरात सासूबाई होत्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. आम्ही जैन. घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे, पण आत्याबाईंचा नेम फार कडक. सूर्य बुडाला की पाण्याचा घोटसुद्धा नाही, थेट दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. सकाळचं उरलेलं त्या संध्याकाळी खात नसत. ताजी भाकरी झाली तर जेवण, नाही तर नाही. त्यामुळे माझी रोजची संध्याकाळ म्हणजे सूर्याशी शर्यत. धुरानं चूल कोंडायची, कपाशीच्या पऱ्हाट्या नुसत्या धुमसायच्या, मी फुंकणीनं फुंकत राहायचे, आणि दारातून येणारं ऊन उंबऱ्यावरून सरकत सरकत बाहेर निघून जायचं. आत्याबाई उठून हात धुवायच्या आणि म्हणायच्या, "राहू दे पोरी, आज तशीही भूक नव्हती." एकदाही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती.

मग वाशीमला माल आणायला गेले असताना ह्यांनी एका नातलगाकडं धुराड्याची चूल पाहिली आणि तिथल्याच कारागिराकडून टिनाचं धुराडं करून आणलं. लांब नळ आणि वर पावसासाठी टोपी. एसटीच्या टपावर टाकून आणलं, तर उतरवताना लोक विचारत होते, शेटजी, भोंगा लावता का दुकानाला? चूल घालायला तुला बोलावलं. तू तोवर धुराड्याची चूल घातलेली तर सोडच, पाहिलेलीही नव्हतीस. ह्यांनी विचारलं, "जमेल का?" तू म्हणालीस, "भाऊ, माती मले वळखते. नळाची वळख तुमी करून द्या."

काय देखणी चूल घातलीस ती! गढीची पांढरी माती, भुसा, लीद, सगळं पायानं तुडवून लोण्यासारखं केलंस. तीन दिवस वाळू दिली. चौथ्या दिवशी पेटवली आणि धूर गपगुमान नळातून वर गेला. टिनावर धुराचा शेंडा दिसला तशी गल्लीतली माणसं बघायला जमली. देवळाच्या धर्मशाळेचे व्यवस्थापकही आले. यात्रेकरूंच्या स्वयंपाकघरातल्या तीन चुलींनी त्यांना जेरीस आणलं होतं. ते म्हणाले, "महिनाभर ही नीट चालू दे, मग आमच्या तिन्ही तुझ्याकडे. चंद्रभागा मिस्त्री!" मिस्त्री हा शब्द गावात फक्त बाप्यांना लावायचे. तुझा नवरा गवंड्याच्या हाताखाली जन्मभर राबला, त्यालाही कुणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. घरी जाताना तू आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत तीनदा मागं वळून त्या धुराकडं पाहिलंस. मी मोजलं होतं.

आता माझा पराक्रम ऐक.

आमच्यात चुलीवर चांदवा बांधतात, म्हणजे वर आडवं ताणलेलं एक कापड. छतावरून एखादा किडा-कोळी अन्नात पडून मरू नये म्हणून. धुराड्याचा नळ वर न्यायचा तर चांदव्याला गोल भोक पाडावं लागलं. आत्याबाईंनी त्याच्या कडेला लाल दोऱ्यानं टीप घातली, पण त्यांचं मन काही निवांत झालं नाही. नळाकडं बघून म्हणाल्या, "आणि वरून यातच कोणी पडलं तर?" हे म्हणाले, "टोपी आहे ना." पण टोपीच्या खाली चारही बाजूंनी बोटभर फट होती, ती मी पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी राख काढताना मला एक अर्धवट जळलेलं फुलपाखरू सापडलं. आत्याबाईंना दाखवलं असतं तर त्यांनी त्या चुलीवरचं खाणंच सोडलं असतं.

म्हणून नव्या सुनेनं डोकं चालवलं. आम्ही पिण्याचं पाणी जाड कापडाच्या दुहेरी गाळण्यातून गाळून घेतो. एक जुनं गाळणं घेतलं, दुपारी घर सामसूम असताना शेजारून शिडी मागितली, टिनावर चढले आणि टोपीच्या आत, नळाच्या तोंडावर ते गाळणं सुतळीनं घट्ट बांधून टाकलं. वरून टोपी, त्यामुळे कुणाला दिसण्याचा प्रश्न नाही. माझा हिशेब सरळ होता. यातून पाणी जातं. धूर तर पाण्यापेक्षा पातळ. मग धूर का नाही जाणार? सातवी पास होते ना मी. चांगलं चालतंय असं दिसलं की आत्याबाईंना सांगायचं आणि शाबासकी घ्यायची, असंही ठरवून ठेवलं होतं.

दोन दिवस खरंच चांगलं चाललं. तिसऱ्या दिवशी धूर थोडा मागं फिरला. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात मला माझा हात दिसेना. त्या संध्याकाळी आत्याबाई उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "राहू दे पोरी."

तू धावत आलीस. चुलीचं तोंड मोठं केलंस. धूर तसाच. मग म्हणालीस, नळ बुटका पडतो. तळ काढलेला तेलाचा डबा वर चढवायचा तर टोपी काढावी लागेल, म्हणून तू तो खाली, चुलीच्या घशात बसवलास आणि नळ तेवढा उंच केलास. आता तरी चूल चालू दे म्हणून मी बाजूला उभी राहून देवाचं नाव घेत होते. धूर तसाच. मग अख्खी चूल फोडलीस आणि नव्यानं घातलीस. आता गल्लीला काम मिळालं. कुणी म्हणालं वारा उलटा आहे. कुणी म्हणालं माती अवसेला भिजवली. आमच्या ह्यांना काही कळत नव्हतं, पण दर वेळी ते "हवेचा दाब" असं म्हणून दुकानात निघून जायचे. एकदा तू चुलीत खांद्यापर्यंत डोकं घातलंस आणि बाहेर आलीस तर फक्त दात पांढरे. मी हसले, तूही हसलीस. मग डोळे पुसता पुसता म्हणालीस, "वहिनी, कोनी वरतून नरडं दाबल्यावानी करून राह्यलं हे."

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. तोपर्यंत, शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात गाळण्याचा विचारच आला नव्हता. त्या क्षणी आला.

मग लगेच का नाही सांगितलं? मला माझाच राग येतो, चंद्रभागा. पण तेव्हा हिंमत झाली नाही. आत्याबाई एव्हाना चार संध्याकाळी उपाशी झोपल्या होत्या. सुनेच्या अतिशहाणपणामुळे सासूच्या तोंडचा घास गेला, हे गावभर झालं असतं, माहेरापर्यंत गेलं असतं. गुपचूप वर चढून काढून टाकावं म्हटलं, तर त्या आठवड्यात घरात सारखी माणसं. आणि आतून एक आवाज म्हणायचा, पाणी जातं तर धूर जाणारच, तुझ्या गाळण्याचा काही संबंध नाही. माणूस स्वतःला किती छान फसवतो, बघ. दिवस गेले आणि बोल तुला लागत राहिला. "जैनाच्या घरची चूल बिघडवली तिनं." ज्या दोन घरांनी तुला चुली सांगितल्या होत्या, त्यांनी 'पुढं बघू' म्हटलं. आणि मग धर्मशाळेतून निरोप आला की सोमवारी मालेगावचा मिस्त्री येतोय.

त्या दिवशी तू आमच्या अंगणात भिंतीला टेकून बसलीस. रडली नाहीस. हात पुढं केलेस, दोन्ही तळवे उताणे, मातीनं चिरलेले, आणि मला विचारलंस, "वहिनी, माह्या हाताले काही खोट हाय का वो?"

मी "नाही गं" म्हटलं. एवढंच. आज इतक्या वर्षांनी ते दोन शब्द आठवले तरी कानाची पाळी गरम होते.

मग उठून तू चुलीजवळ गेलीस. नळावर बोटानं टकटक केलंस, वरपर्यंत कान लावून ऐकलंस. मागं जाऊन तू आणलेली शिडी भिंतीला लावलीस, दोन पायऱ्या चढलीस, टोपीकडं मान वाकडी करून पाहिलंस आणि खाली उतरलीस. मग आत्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "काकू, उद्या सकायी वर चढतो अन् टोपी काढून पाहतो. आज मले टैम नाही. शिडी कुठी नेत बसू, इथंच राहू द्या." आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे. मी तर आता देवळात निघाले." तुझ्यामागोमाग त्याही गेल्या. हे दुकानात. घरात मी आणि भिंतीला लावलेली शिडी.

मला वाटलं, देवच पावला.

कशी चढले, कशी सुतळी तोडली, काही विचारू नकोस. गाळणं काजळीनं इतकं कडक झालं होतं की पापडासारखं मोडलं. ते परसात जास्वंदीच्या मुळाशी पुरलं, हात राखेनं तीनदा घासले आणि शहाण्या मुलीसारखी गहू निवडायला बसले. त्या संध्याकाळी दुकानातल्या स्टोव्हवर आम्हा दोघांपुरतं कसंबसं भागवलं, आत्याबाईंना स्टोव्हवरचं चालत नसे. असं केलं कारण चूल पेटवली असती तर तुझ्या येण्याआधीच ती नीट चालली असती आणि मी पकडले गेले असते.

सकाळी तू आलीस. मी घाईनं म्हटलं, "चढ, शिडी धरते मी." तू शिडीकडं बघितलंही नाहीस. "वर कायले चढू? दोष खालीच हाय." माती भिजवलीस, मुठीत गच्च दाबलीस, चुलीत हात घालून घशाशी तो गोळा बसवलास आणि अंगठ्यानं चोपलास. मग पाय मोकळे करून बसलीस आणि म्हणालीस, "पेटवा." तुराट्या पेटल्या, धूर एकदा इकडं-तिकडं घुटमळला आणि सरळ वर गेला. आत्याबाईंनी हात जोडले. आमचे हे म्हणाले, "बघा, हवेचा दाब!" धर्मशाळेचे व्यवस्थापक आले, वाकून चुलीत पाहिलं, मुटका पाहिला आणि मान डोलावत म्हणाले, "अरे वा, हे तंत्र आहे तर." तू माझ्याकडं बघितलंस. "मुटक्याची करामत हाय, का नाही वहिनी?"

मी म्हटलं, "हो तर."

झालं. त्या 'हो'नं मुटक्याचं राज्य सुरू झालं. त्या दिवशी आत्याबाई जेवायला बसल्या तेव्हा सूर्य चांगला कासराभर वर होता. त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. मी चुलीपुढं वाकून उगाच जाळ सारखा करत राहिले, कारण मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मला इतका आनंद झाला होता. तुझ्यामुळं झाला होता, हे मी तुला एकदाही म्हटलं नाही.

पुढं सोमवार आला पण मालेगावचा मिस्त्री आला नाही. धर्मशाळेच्या तिन्ही चुली तू घातल्यास, तिन्हींत मुटका. मग गल्लीत, मग दुसऱ्या गल्लीत. लेकी सासरी गेल्या तसा मुटका किन्हीराजाला गेला, इंझोरीला गेला. एका लग्नात इंझोरीची बाई मला सांगत होती की मुटका डाव्या मुठीचा लागतो. दुसरी म्हणाली, सवाष्णीच्याच मुठीचा. कुणी त्याला हळदकुंकू लावतं म्हणे. मी तोंडात पदर कोंबून उठले आणि मागच्या दारी जाऊन पोटभर हसले. आणि काही वर्षांनी ते सरकारी साहेब आले, बिनधुराच्या चुलीचं प्रात्यक्षिक दाखवायला, आठवतात का? तू त्यांनाच अर्धा तास मुटका शिकवलास आणि त्यांनी तो वहीत उतरवून घेतला! कागदावर आकृती काढली, बाण दाखवला आणि खाली तुझं नाव लिहिलं. माझ्या एका सुतळीच्या गाठीमुळं काय काय झालं बघ.

मला राहवायचं नाही म्हणून मी तुला डिवचायचे. "चंद्रभागा, एखादी चूल बिनमुटक्याची घालून तर बघ." तू म्हणायचीस, "तुमाले चुलीतलं काय समजते वहिनी? तुमी सातवी शिकल्या, चुलीत सातवी नसते." मी म्हणायचे, "धूर हलका असतो, आपोआप वर जातो." तू म्हणायचीस, "मंग तवा काहून नाही गेला?" हे तू दर वेळी म्हणायचीस, आणि म्हणताना नेमकी दुसरीकडं बघायचीस. मला वाटायचं, चूल पेटली का ते बघतेस.

आमच्याकडं गॅस आला तेव्हा तू बघायला आलीस. शेगडीभोवती दोन चकरा मारल्यास, बटण फिरवून पाहिलंस आणि विचारलंस, "याले मुटका कुठी बसवू?" आपण दोघी इतक्या हसलो की दुकानातून हे विचारायला आले. आत्याबाई तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता लपवायचं कुणापासून? मी म्हटलं, "चंद्रभागा, बस जरा. त्या पहिल्या चुलीचं एक सांगायचंय." तू चटकन उठलीस. "चाल बाप्पा, गाय सोडाची हाय." आणि निघालीस. तुझी गाय दोन महिन्यांपूर्वी विकली होती, हे मला तू गेल्यावर आठवलं.

एक गोष्ट मात्र हसत सांगता येत नाही. तुझ्या घरी मी कितीदा आले असेन! आणि दर वेळी अंगणातच बसले. तू बाज टाकायचीस, वर धुतलेली गोधडी. आम्ही बाहेरचं शिजलेलं खात नाही, पाणीही आपलं गाळलेलं. तू शेंगा आणून द्यायचीस, फोल न काढलेल्या, कधी हरभऱ्याचे घाटे, कधी बोरं. म्हणायचीस, "याले चूल लागत नाही, खा." मी आपला पाण्याचा तांब्या सोबत आणायचे, त्यावरून माझी थट्टा करायचीस. पण 'आत या' असं कधी म्हणाली नाहीस. मीही कधी म्हटलं नाही की येते. आमच्या स्वयंपाकघरात तू सारवायला, चूल घालायला चारही कोपरे फिरायचीस, आणि तुझं स्वयंपाकघर मी उंबऱ्यापासूनही पाहिलं नव्हतं. तुला वाईट वाटायचं का गं? विचारायचं राहूनच गेलं. मला वाईट वाटायचं, पण ते तरी तुला कुठं सांगितलं?

परवा तुझ्या तेरवीला आले. दुपार टळली होती, जेवणावळ उठली होती, बायका भांडी घासत होत्या. रुख्मानं बाज टाकली नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "आत या वो काकू. माय सांगून गेली हाय. वहिनी आल्या त त्याहिले माही चूल दाखवजा, म्हने."

मी उंबरा ओलांडला. लहानशी खोली, स्वच्छ सारवलेली, भिंतीला टेकून तुझी चूल. रुख्मा म्हणाली, तीस वर्षांची आहे, तू कुणाला हात लावू देत नसायचीस. गुडघे वाजवत मी खाली बसले. चूल नुकतीच विझली होती. बाही मागं सारून आत हात घातला, धुराड्याच्या घशापर्यंत, आणि बोटांनी मुटका शोधला. डावीकडं चाचपलं, उजवीकडं चाचपलं. सगळं गुळगुळीत. तुझ्या चुलीत मुटका नव्हता.

मी रुख्माकडं बघितलं. ती हसत होती, तुझ्यासारखंच, एका बाजूनं.

"मीबी इचारलं होतं मायले," ती म्हणाली. "लोकायच्या चुलीत घालते, आपल्या चुलीत काहून नाही? त माय म्हने, आपल्याले नाही लागत. तो वहिनीसाठी हाय. शिडीवरून टोपीच्या फटीत फडक्याची कोर दिसली होती म्हने तिले. माय म्हने, नवी पोरगी व्हती, सासूच्या जेवनाचा सवाल व्हता. नाव घेतलं असतं त पोरीचं जिनं हराम झालं असतं. चूप बसलं असतं त माहं नाव गेलं असतं. मुटका बसवला, दोघीयचंबी राह्यलं."

म्हणजे शिडी तू मुद्दामच ठेवून गेली होतीस. दोष खालीच आहे म्हणालीस तेही माझ्यासाठी. आणि एवढी वर्षं दर घरी माती मुठीत दाबताना तुला ते गाळणं आठवत असणार, आणि तू गालातल्या गालात हसत असणार. मी समजत होते, मी तुझ्यापासून लपवलंय. लबाड कुठली!

चुलीपुढं बसल्या बसल्या मी रडले, हसले, परत रडले. रुख्मानं चूल पेटवली, चहा करायला असेल. धूर सरळ वर गेला, कुठंही न अडता. मी विचारलं, "रुख्मा, दिवस किती राहिला गं?" तिनं दारातून वाकून पाहिलं. "हाय वो, कासराभर हाय अजून."

"मग मला एक भाकर टाक," मी म्हटलं.

तिचा हात परातीवरच थांबला. मग तिनं पीठ घेतलं. तुझ्या चुलीवर, तुझ्या तव्यावर भाकर फुगली. तिनं ती गुळाच्या खड्यासोबत माझ्यापुढं ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी सगळी खाल्ली, चंद्रभागा, तुकडाही टाकला नाही. एका बाजूनं चांगली करपली होती. रुख्मानं विचारलं, "कशी झाली?"

मी म्हटलं, "छान."